‘संगणक म्हणतो’ हे उत्तर नव्हे

अलीकडे आपल्या व्यवहारात एक नवे वाक्य रूढ झाले आहे. बँकेच्या खिडकीवर, रेशनच्या दुकानात, तहसील कचेरीत, विमा कंपनीच्या दूरध्वनीवर, अगदी रुग्णालयात बिल भरतानाही ते कानी पडते. “सिस्टीम घेत नाही.” कोणी “सर्व्हर डाउन आहे” म्हणतो, कोणी “कॉम्प्युटरवर असेच दाखवते” म्हणतो, आशय तोच. बोलणाऱ्याच्या स्वरात दिलगिरी नसते आणि उर्मटपणाही नसतो. बाहेर पाऊस पडतो आहे, असे जितक्या सहजपणे सांगावे तितक्या सहजपणे तो हे सांगतो. म्हणजे यात कोणाचाच दोष नाही, कोणालाही जाब विचारता येणार नाही, उद्या या. ऐकणारा मान डोलावतो आणि घरी जातो. वाचकहो, हा लेख त्या मान डोलावण्याविरुद्ध आहे.

यंत्राला शिव्याशाप देणाऱ्यांच्या पंथातला मी नव्हे. या अंकाची अक्षरे जुळवली जातात ती संगणकावरच, आणि ज्यांनी शिशाचे खिळे जुळवण्याचा काळ पाहिला आहे त्यांना या सोयीचे मोल सांगायला नको. आखातात नोकरीला गेलेल्या मुलाचा चेहरा आईला रोज रात्री पडद्यावर दिसतो, ही काही लहान गोष्ट नाही. यंत्र कधीमधी चुकते हीदेखील माझी तक्रार नाही. माणसाने घडवलेली कोणती वस्तू चुकत नाही? तक्रार आहे ती यंत्र चुकले हे सिद्ध करण्याचा भार कोणाच्या खांद्यावर टाकला जातो याविषयी. तो भार नेहमी खिडकीच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसावर पडतो. पुरावा मात्र सगळा खिडकीच्या पलीकडे, यंत्राच्या पोटात असतो.

हा भार किती जड होऊ शकतो याचे आपल्या काळातील सर्वांत भयानक उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. ज्या देशाच्या न्यायदानाचे गोडवे गात आपल्याकडील वकिलांच्या कित्येक पिढ्या वाढल्या, त्याच देशात ते घडले, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

ब्रिटनमध्ये गावोगावची टपाल कचेरी बहुधा सरकारी नोकर चालवत नाहीत. किराणा मालाच्या वा वर्तमानपत्रांच्या दुकानातच एका कोपऱ्यात टपालाची खिडकी असते आणि तो दुकानदार करारावर ती सांभाळतो. त्याला सब-पोस्टमास्तर म्हणतात. पेन्शनीचे पैसे, बचतीची खाती, तिकिटे, सारे त्याच्या हातून जाते. गावात त्याला मान असतो. भारतातून आणि पूर्व आफ्रिकेतून तिकडे स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांनी अशी दुकाने घेतली, कारण कष्ट करण्याची तयारी आणि हिशेबाची शिस्त या दोन गोष्टी त्यांच्यापाशी होत्या. १९९९पासून पोस्ट ऑफिसने या खिडक्यांवर फुजित्सू कंपनीची ‘होरायझन’ नावाची हिशेबप्रणाली बसवण्यास प्रारंभ केला. वहीतला हिशेब पडद्यावर गेला. आणि ज्यांच्या हिशेबात वर्षानुवर्षे एका पैचाही फरक पडला नव्हता, त्यांच्या गल्ल्यात अचानक तूट दिसू लागली. आज शंभर पौंड, पुढच्या महिन्यात हजार.

पूर्वी तूट आली की माणूस वही उघडून बसे, रात्री दिव्याखाली एकेक नोंद ताडून पाही आणि चूक सापडली की मगच झोपी जाई. आता नोंदींचे मूळ त्याला पाहताच येईना. पडदा फक्त अंतिम आकडा सांगे. तो आकडा मान्य केल्याशिवाय पुढील कालखंडाचा व्यवहार सुरू करता येत नसे. मान्य केला तर तूट आपण कबूल केल्यासारखे होई. आणि तूट भरून देणे हे सब-पोस्टमास्तरचेच कर्तव्य, असा कराराचा अर्थ पोस्ट ऑफिस लावी. हॅम्पशर परगण्यातील एका लहान गावच्या जो हॅमिल्टन यांना २,००० पौंडांची तूट दिसली. त्यांनी मदतकेंद्राला दूरध्वनी केला आणि तिकडून सांगितले तशा कळा दाबल्या. त्यांच्या डोळ्यांदेखत ती तूट दुप्पट झाली! पुढे ती वाढतच गेली. घर गहाण पडले. चोरीचा आरोप मागे घेतला जावा म्हणून त्यांनी खोट्या हिशेबाचा गुन्हा कबूल केला. गावकऱ्यांचा मात्र त्यांच्यावरील विश्वास ढळला नाही. त्यांनी वर्गणी काढून पैसे उभे केले आणि २००८ साली शिक्षेच्या दिवशी न्यायालय भरून टाकले. गावाला जे कळत होते ते कायद्याला कळले नाही.

सीमा मिस्रा यांची कहाणी आपल्या अधिक जवळची आहे. भारतीय वंशाच्या या बाईंनी आणि त्यांच्या पतीने २००५ साली सरे परगण्यातील वेस्ट बायफ्लीट येथे टपालाची खिडकी असलेले दुकान घेतले. तूट पहिल्यापासूनच सुरू झाली. त्या दागिने विकत राहिल्या, नातेवाइकांकडून उसने घेत राहिल्या. अखेर ७४,००० पौंडांहून अधिक रक्कम चोरल्याच्या आरोपावरून २०१० साली ज्यूरीने त्यांना दोषी ठरवले आणि पंधरा महिन्यांची कैद झाली. त्या दिवशी त्यांच्या थोरल्या मुलाचा दहावा वाढदिवस होता आणि पोटात आठ आठवड्यांचा गर्भ होता. पैसा गेला कुठे, हे कोणी दाखवून दिले नाही. पैसा गेला आहे, असे यंत्र म्हणत होते, एवढे पुरले.

१९९९ ते २०१५ या काळात अशा ९००हून अधिक माणसांना दोषी ठरवण्यात आले. त्यांतील बहुतेकांवर खटले भरणारे खुद्द पोस्ट ऑफिसच होते. तक्रारदार तेच, तपास करणारे तेच आणि आरोप ठेवणारेही तेच. प्रत्येकाला सांगितले जाई की अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच आहात. बाहेरून कोणालाही तुमच्या खात्यात हात घालता येत नाही, असेही सांगितले जाई. प्रत्यक्षात फुजित्सूच्या माणसांना तसे करता येत होते. यंत्रात दोष होते आणि काही दोषांना तर ते जिथे उघडकीस आले त्या शाखांची नावे पडली होती. स्कॉटलंडमधील डालमेलिंग्टन येथे ८,००० पौंडांचा एकच भरणा यंत्राने चार वेळा नोंदवला आणि २४,००० पौंडांची तफावत निर्माण झाली. ही २०१५ सालची गोष्ट. तोवर कित्येकांचे संसार उद्ध्वस्त झाले होते. सर विन विल्यम्स यांच्या चौकशी आयोगाने जुलै २०२५मध्ये अहवालाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात किमान १३ जणांनी या छळापायी आत्महत्या केली असावी, असे नोंदले आहे.

२०१२ ते २०१९ या काळात पोस्ट ऑफिसच्या मुख्य कार्यकारी अधिकारी असलेल्या पॉला व्हेनेल्स या अँग्लिकन पंथाच्या दीक्षित धर्मगुरू होत्या, हे लिहिताना लेखणी अडखळते. न्यायाने बोलायचे तर बहुतेक खटले त्यांच्या आधीच्या काळातले. पण प्रणाली निर्दोष आहे हा हेका त्यांच्या कारकिर्दीतही सुटला नाही. धर्माच्या सेवेत उभ्या असलेल्या व्यक्तीलाही शेकडो माणसांच्या शब्दापेक्षा पडद्यावरचा आकडा अधिक विश्वसनीय वाटावा, याचा विचार आपण सर्वांनीच आपापल्या जागी करावा.

आणि हे सारे करणारा संगणक काही फार बुद्धिमान नव्हता. आजकाल कृत्रिम बुद्धिमत्तेवर व्याख्याने झडतात. पोप लिओ चौदावे यांनी मे २०२५मध्ये आपल्या नावाची निवड स्पष्ट करताना तिचा आवर्जून उल्लेख केला आणि तेराव्या लिओंनी १८९१ साली कामगारांच्या प्रश्नावर लिहिलेल्या परिपत्रकाचे स्मरण करून दिले. ती चिंता रास्तच आहे. परंतु होरायझन ही कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती. ती वाण्याच्या खतावणीची यांत्रिक आवृत्ती होती. बेरीज आणि वजाबाकी. यंत्र शहाणे झाल्यामुळे हा अनर्थ ओढवला नाही. त्याच्या शब्दावर शंका घेणे हेच ज्यांचे काम होते, त्यांनी ते केले नाही.

याला कायद्याचेही पाठबळ मिळाले होते. इंग्लंडमध्ये १९८४च्या एका कायद्यातील ६९व्या कलमानुसार, संगणकाने काढलेला कागद फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून मांडायचा तर संगणक नीट चालत होता हे मांडणाऱ्याला दाखवावे लागे. विधी आयोगाला ही अट जाचक वाटली. १९९९ साली संसदेने ती रद्द केली, म्हणजे ज्या वर्षी होरायझन खिडक्यांवर बसू लागले त्याच वर्षी! त्यानंतर उरले ते जुने गृहीतक: यंत्र ठीकच चालत असणार, उलट सिद्ध होईपर्यंत. हे गृहीतक घड्याळे आणि रस्त्यावरचे सिग्नल अशा साध्या वस्तूंसाठी वापरले जात होते. घड्याळ पुढे असेल तर शेजारच्या घड्याळाशी ताडून पाहता येते. दूरच्या शहरातील संगणकाशी वेस्ट बायफ्लीटच्या दुकानदार बाईंनी काय ताडून पाहायचे?

आपल्या देशाचा कायदा या बाबतीत अधिक सावध निघाला, हे अभिमानाने नव्हे पण समाधानाने सांगावेसे वाटते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला तेव्हा भारतीय पुरावा कायद्यात ‘६५ ब’ हे कलम घालण्यात आले. संगणकातील पुरावा द्यायचा तर यंत्र नीट चालत होते असे प्रमाणपत्र जोडावे, अशी त्याची अट. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२०मध्ये हे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचा निर्वाळा दिला. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३व्या कलमातही ती अट टिकून आहे. वकिलांना ही अट कटकटीची वाटते. असो. निदान न्यायालयाच्या उंबरठ्यावर यंत्राला ‘तू शुद्धीवर होतास काय?’ असे विचारण्याची प्रथा आपण सोडलेली नाही.

पण न्यायालयाची पायरी आपल्यापैकी किती जण चढतात? आपला न्याय होतो तो रेशनच्या दुकानात आणि बँकेत, आणि तिथे यंत्राकडे कोणीही प्रमाणपत्र मागत नाही. उभे आयुष्य मातीत काम केलेल्या बाईचा अंगठा मशीनला ओळखू येत नाही. खुरपे, कोयता, भांडी, धुणे यांनी तिच्या बोटांवरच्या रेषा पुसट केल्या आहेत. ज्या कष्टांमुळे ती धान्याची हक्कदार ठरते त्याच कष्टांनी तिला यंत्रासमोर अनोळखी ठरवावे, यासारखा दैवदुर्विलास नाही. दुकानदार तिला वीस वर्षे ओळखतो; ती कोणाची सून, कोणाची आई हे त्याला पाठ आहे. तरीही तो म्हणतो, “बाय, मशीन घेत नाही.” त्याची ओळख आता पुराव्यात धरली जात नाही.

डिसेंबर २०२३मध्ये केरळमधील कुमारकोम येथील एका स्त्रीची हकीकत वृत्तपत्रांत आली होती. तिला हाताची बोटेच नव्हती, म्हणून तिची आधार नोंदणी होत नव्हती. केंद्रीय मंत्र्यांनी लक्ष घातले तेव्हा ती झाली. त्या वेळी शासनाने जाहीर केले की बोटे नसतील तर डोळ्यांच्या बुबुळांवरून, आणि तेही शक्य नसेल तर दोन्हींशिवाय नोंदणी करण्याची सोय नियमांत आहे, आणि सुमारे २९ लाख लोकांची नोंदणी अशा अपवादांतून झालेली आहे. म्हणजे नियम होता. खिडकीवरच्या माणसाला तो ठाऊक नव्हता किंवा ठाऊक असूनही आपल्या अधिकारात तो वापरण्याचे धैर्य त्याला झाले नाही. प्रत्येक गरिबाच्या वाट्याला मंत्री येत नाही.

सप्टेंबर २०१७मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी दगावली. तिच्या कुटुंबाचे रेशनकार्ड आधारशी जोडलेले नव्हते म्हणून रद्द झाले होते आणि अनेक महिने घरात धान्य आले नव्हते. मुलगी भुकेने गेली असे तिची आई आणि अन्नहक्काचे कार्यकर्ते म्हणाले. मलेरियाने गेली असे प्रशासन म्हणाले. रोग कोणताही असो, घरात धान्य येणे थांबले होते ते एका जोडणीअभावी. शब्बाथ आणि भूक यांतील थोर कोण हा प्रश्न प्रभूने एका शेतात, कणसे चोळून खाणाऱ्या शिष्यांच्या वतीने निकालात काढला होता. परुश्यांच्या हातात तेव्हा नियमांची गुंडाळी होती.

हे दूरचे वाटत असेल तर महाराष्ट्रातले ताजे उदाहरण घ्या. लाडकी बहीण योजनेसाठी सप्टेंबर २०२५मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. त्यात स्त्रीच्या आधार क्रमांकाबरोबर तिच्या पतीचा वा वडिलांचा आधार क्रमांकही मागितला होता आणि त्यावर येणारा ओटीपी भरायचा होता. जिचा पती वारला आहे आणि वडीलही हयात नाहीत, तिने हा ओटीपी कोठून आणायचा? पुढे शासनाला मुदत वाढवावी लागली आणि अशा स्त्रियांसाठी वेगळी वाट काढावी लागली. पण विचार करण्याजोगी गोष्ट ही की तो अर्ज रचताना टेबलाभोवती बसलेल्या एकाही शहाण्याला विधवेची आठवण झाली नाही. गावच्या तलाठ्याने कागदावर अर्ज घेतला असता तर पहिल्याच सकाळी पहिल्याच विधवेने त्याला ती करून दिली असती.

यावर काही सुशिक्षित मंडळी म्हणतील की जुन्या कारकुनी काळात काय स्वर्ग होता? साहेब जागेवर नसत, फाइल हलवायला चहापाणी लागे, ओळखीपाळखीवर कामे होत. हे सारे खरे आहे आणि ते परत यावे असे मी म्हणत नाही. पैसा थेट खात्यात जमा होऊ लागल्यामुळे पुष्कळ दलालांचे तोंड बंद झाले, हेही खरे. परंतु लाच मागणाऱ्या कारकुनाला एक चेहरा होता, एक नाव होते आणि त्याच्या डोक्यावर एक साहेब होता. त्याच्याशी भांडता येई, त्याची तक्रार करता येई, क्वचित त्याला लाजही वाटे. आज नकार मिळतो तो कोणाचाच नसतो. बँकेतील तरुण अधिकाऱ्यालाही ठाऊक नसते की खाते का गोठले. तो बिचारा वर तिकीट ‘रेझ’ करतो आणि तुमच्याप्रमाणेच वाट पाहतो. आपण एक भ्रष्ट कारकून घालवला आणि त्याच्या जागी निर्णय न घेऊ शकणारा प्रामाणिक कारकून बसवला. पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्याच्या दृष्टीने यात फायदा कोणता?

कागदाची वाट ठेवली तर सगळा व्यवहार कोलमडेल, असाही एक युक्तिवाद असतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीने पाठवलेल्या एका सदोष सुधारणेमुळे जगभरात सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. त्या दिवशी आपल्या विमानतळांवर काय झाले? कर्मचाऱ्यांनी पेने काढली आणि प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. उशीर पुष्कळ झाला, पण लोक विमानात बसले. विमानाच्या प्रवाशासाठी जे एका सकाळीत शक्य झाले ते रेशनच्या रांगेतल्या बाईसाठी बारमाही अशक्य कसे, याचे उत्तर मला कोणी द्यावे.

आपण मागणी करायची ती एवढीच. यंत्राने नकार दिला तर त्या नकाराचे कारण, तारीख आणि सांगणाऱ्याचे नाव लिहून मिळाले पाहिजे. यंत्र बरोबर आहे हे कचेरीने दाखवावे. ते चूक आहे हे दाखवण्याचा भार माणसावर नसावा. आणि तो वाद मिटेपर्यंत धान्य, पेन्शन, औषध थांबता कामा नये.

ब्रिटनमध्ये हे उशिरा का होईना, कसे घडून आले तेही सांगतो. वेल्समधील एक सब-पोस्टमास्तर ॲलन बेट्स यांनी पोस्ट ऑफिसचे म्हणणे मान्य केले नाही, म्हणून २००३ साली त्यांचा करार संपवण्यात आला. त्यांनी आपल्यासारखी माणसे शोधण्यास प्रारंभ केला. २००९ साली फेनी कॉम्प्टन नावाच्या खेड्यातील सभागृहात ही माणसे प्रथम एकत्र जमली आणि ‘तुम्ही एकटेच’ हे खोटे त्या खोलीत उघडे पडले. पुढे ५५५ जणांनी मिळून दावा लावला. २०१९ साली न्यायमूर्ती फ्रेझर यांनी यंत्रात दोष होते असा निकाल दिला, एप्रिल २०२१मध्ये अपील न्यायालयाने जो हॅमिल्टन आणि सीमा मिस्रा यांच्यासह ३९ जणांची दोषसिद्धी एकाच दिवशी रद्द केली, आणि मे २०२४मध्ये संसदेने कायदा करून उरलेल्या शेकडो लोकांना निर्दोष ठरवले. १९९९ साली उचललेल्या अटीचे काय करावे याविषयी ब्रिटिश न्याय खात्याने २०२५च्या जानेवारीत लोकांकडून अभिप्राय मागवले.

आपल्या प्रत्येक धर्मग्रामात सभागृह आहे. रविवारच्या मिस्सानंतर तिथे अर्धा तास एक टेबल मांडून, एखाद्या निवृत्त शिक्षकाने वही घेऊन बसायला काय हरकत आहे? कोणाला, कोणत्या तारखेला, कोणत्या खिडकीवर, काय सांगून परत पाठवले, एवढेच लिहायचे. आपल्या धर्माचा की शेजारच्या पाड्यावरचा, हे विचारायचे नाही. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक जिल्ह्यासाठी तक्रार निवारण अधिकारी आणि राज्यासाठी अन्न आयोग यांची तरतूद केली आहे. बँकेने तीस दिवसांत तक्रारीचे उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. त्यांच्याकडे एकट्याची तोंडी कुरकूर पोहोचत नाही. एकाच महिन्यातील चाळीस नोंदी, सह्या आणि अंगठ्यांसह, पोहोचतात. पुसट अंगठेही शाईवर उमटतात.